सागावरील पतंग आणि वासाची साक्ष

प्रथम तारखा. त्या पंचांगातल्या देतो, कारण कार्यालयीन शिक्क्यांवरील तारखांवर माझा विश्वास उरलेला नाही. एकाच पत्रावर पोहोचल्याचा शिक्का पाठवल्याच्या आधीचा पडलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे.

मृग लागल्यानंतर चौथा दिवस: नांदेड जिल्ह्यातील सागाच्या एका रोपवनात कामगंध सापळे टांगले गेले. जबाबदार: सापळ्यांतील आमिषाच्या गोळ्या कोणत्या पतंगासाठी आहेत हे न पाहता त्या वाटणारा अधिकारी.

आषाढी अमावास्येचा आदला दिवस: एका रोजंदारी वनमजुराने नोंदवहीत लिहिलेला शेरा लाल शाईने खोडला गेला. जबाबदार: त्या क्षेत्राचा वनपाल.

पोळ्याचा आदला दिवस: त्या मजुरास आलेल्या नोटिशीचे उत्तर लिहिले गेले व त्यातून एक वाक्य गाळले गेले. जबाबदार: मी.

घटस्थापना: मजुरास कामावरून कमी केले. जबाबदार: एकही सापळा न उघडता चौकशी पूर्ण करणारा चौकशी अधिकारी.

या गोष्टीला दोन पावसाळे उलटले. यादीत माझे नाव तिसरे आहे. ते तिथे कसे आले हे सांगितल्याशिवाय इतर तिघांकडे बोट दाखवण्याचा अधिकार मला नाही.

मी अहमदपूरला राहतो. न्यायालयात कारकून म्हणून लागलो, अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. वकिलीची सनद माझ्याकडे कधीच नव्हती, तरी गल्लीत मला ‘वकीलसाहेब’ म्हणतात. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरवावे लागते. निवृत्तीनंतर मी पत्रे लिहू लागलो. बंद पडलेला पथदिवा, बसस्थानकावरचे कुलूपबंद स्वच्छतागृह, चुकीच्या आडनावाचे वारस प्रमाणपत्र, असे काहीही. पत्नी म्हणते, “पोस्टमन तुम्हाला बघून सायकल दुसऱ्या बोळात घालतो.” ते खरे आहे. मी त्याबद्दलही पत्र लिहिले आहे.

आमची मुलगी नांदेडला संशोधन करते. विषय विचारला तेव्हा तिने सांगितले, सागाची पाने खाणाऱ्या अळीचा पतंग. त्याला वास कसा येतो आणि चव कशी कळते, आणि त्यामागे त्याची कोणती जनुके आहेत, हे शोधायचे. मी विचारले, “पाखराच्या नाकाचा अभ्यास करायला सरकार शिष्यवृत्ती देते?”

“नाक नसतं त्याला, अप्पा. डोक्यावरच्या दोन बारीक शिंगांनी वास घेतो. आणि मादी पायांनी चव घेते. पानावर उतरते, पाय टेकवते, आणि पान सागाचं आहे, कोवळं आहे, हे कळल्यावरच अंडी घालते.”

मी हसलो. जेवायला बसलो होतो. पत्नी चुलीपाशी उभी होती आणि आमटीला उकळी फुटत होती. आमच्या घरची एक रीत इथे सांगतो, पुढे तिची गरज पडणार आहे. आम्ही लिंगायत. पूजा होऊन नैवेद्य दाखवल्याखेरीज स्वयंपाक चाखायचा नाही, असे आमच्या घरात माझ्या आईपासून चालत आले आहे. पत्नी मीठ वासावर घालते. भांड्यावर वाकते, डोळे मिटते, वाफ घेते आणि म्हणते, “अजून चिमूटभर.” लग्न झाल्यापासून मी ते जेवत आलो. एकदाही आमटी अळणी नव्हती आणि एकदाही खारट नव्हती.

तो मजूर आमच्या घरी प्रथम आला तो मुलीबरोबरच. रोपवनात पतंग कुठे बसतात, मादी कोणत्या फांदीखाली लपते, कोशातून पाखरू कधी बाहेर येते, हे सगळे तिला त्याने दाखवले होते. वय पन्नाशीचे, अंगात खाकी सदरा, पाय अनवाणी. बूट सरकारने दिले होते, पण ते पिशवीत होते. दारातच उभा राहिला.

“आत या ना,” पत्नी म्हणाली.

“पाय चिखलाचे हायत, माय.”

“आमचं घर काय कोर्ट आहे?” ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहून हसली.

त्याची हकिकत अशी. रोपवनात सापळे टांगले गेले: वर टोपी, खाली नरसाळे, त्याखाली प्लास्टिकची लांब पिशवी. आत एक लहानशी गोळी. तिला मादीचा वास असतो, नर त्या वासाने येतो आणि पिशवीत पडतो. कपाशीच्या शेतात हे सापळे आपल्याकडे सर्वांनी पाहिलेले आहेत. रोज सकाळी फिरायचे, पिशव्या सोडून पतंग मोजायचे आणि नोंदवहीत लिहायचे, असे त्याचे काम. सापळ्यांत पतंग वाढले की फवारणीचा आदेश निघणार होता.

पतंग वाढले नाहीत. एकसुद्धा पडला नाही. रोज शून्य. आणि तिकडे झाडांवर अळी वाढत होती. शेवटी अमावास्येच्या आदल्या दिवशी त्याने संख्येच्या रकान्यात शून्य लिहिले आणि शेऱ्याच्या रकान्यात त्याच्या वाकड्या अक्षरात लिहिले: “पाखरू सापळ्यात न्हाई. झाडावर हाय.”

वनपालाने ती वही पाहिली आणि शेऱ्यावरून लाल रेघ ओढली. “तुला मोजायला ठेवलंय, सांगायला न्हाई,” असे त्याला सुनावले. वर अहवाल गेला: प्रादुर्भाव नाही. आणि पंधरवड्याच्या आत तपासणीसाठी मोठे साहेब आले तेव्हा सागावर पान शिल्लक नव्हते. नुसत्या शिरा उभ्या होत्या. भर पावसाळ्यात रोपवनाला उन्हाळ्याचे रूप आले होते. साहेबांनी विचारले, सापळ्यांत पतंग का नव्हते? या प्रश्नाला कोणीतरी उत्तर देणे भाग होते. ते उत्तर रोजंदारीवर सगळ्यांत खाली असलेल्या माणसाच्या नावाने तयार झाले. नोटीस आली: आपण सापळे न तपासता घरी बसून शून्याच्या खोट्या नोंदी केल्या, कारणे दाखवा.

ती नोटीस खिशातून काढून त्याने माझ्यापुढे ठेवली. घामाने कागद मऊ झाला होता. त्याच्या सेवेची वर्षे हजेरीपटावर विखुरलेली होती. कायम करण्याच्या यादीत त्याचे नाव येणार होते आणि खोट्या नोंदीचा ठपका लागला तर ते कधीच येणार नव्हते. मी चष्मा चढवला. खरे सांगतो, मला आनंद झाला. इतक्या स्वच्छ अन्यायाचा कागद माझ्या हातात बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

मुलीला नांदेडची गाडी गाठायची होती, ती निघाली. ओसरीवर बसून मी त्याचे म्हणणे लिहून घेऊ लागलो.

“सापळे रोज तपासले?”

“रोज. नागपंचमीला सुदीक.”

“मग पतंग का पडला नाही?”

“गोळी चुकीची हाय, साहेब.”

“कशावरून?”

“वासावरून. माझ्या मेव्हण्याची कपाशी हाय. तिथं बोंडअळीचे सापळे मीच लावतो. त्या गोळीचं पाकीट फोडलं की मेणाचा वास येतो, जरा उग्र. ही गोळी तीच हाय. गोळ्या वाटणाऱ्या साहेबानं सुट्ट्या पिशवीत आणून दिल्या, वर कागद न्हाई, नाव न्हाई. पर वास तोच.”

मी लेखणी थांबवली. “तुम्ही हे लिहा म्हणता? की गोळी मी वासावरून ओळखली?”

“हाव. आन् जंगलाचा वास बी बदलून राहिला होता. अळी पडली की कवळा पाला शिजल्यावाणी वास सुटतो. खाली उभं राहिलं की लेंड्या पडत्यात, टपटप, भुरभुर पावसावाणी. हे बी लिव्हा.”

“हे बघा,” मी म्हणालो, आणि मला माझा तो आवाज आजही ऐकू येतो, न्यायालयातल्या जाळीमागून बोलायचा आवाज, “वास हा पुरावा होत नाही. उद्या चौकशीत विचारतील, तू काय कुत्रा आहेस का? हसतील. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं.”

पत्नी चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, “मी लिहू का? माझ्या हातची आमटी जेवता ती कशावर जेवता? इतकी वर्षं मीठ वासावर घालते, मला कधी नोटीस काढली नाहीत.”

मजूर हसला. मी हसलो नाही. मी तिला म्हणालो, “तू आत जा, हे कायद्याचं काम आहे.” ती गेली. मी लिहिले: “अर्जदाराने सर्व सापळे नियमितपणे तपासले असून त्यांत पतंग आढळून आला नाही, ही वस्तुस्थिती आहे.” खाली आणखी दोन परिच्छेद, नैसर्गिक न्यायाची तत्त्वे, संधी, सहानुभूतीपूर्वक विचार. अक्षर उत्तम. गोळीचे वाक्य कच्च्या कागदावर लिहून मी त्यावर काट मारली होती. पक्क्या प्रतीत ते नव्हते. त्याने खाली सही केली, वाकडी.

रात्री मुलीचा फोन आला. “अप्पा, गोळीचं लिहिलंत ना?”

“तुझं शास्त्र माझ्या कोर्टात चालत नाही,” मी म्हणालो.

घटस्थापनेला आदेश आला. तो मला तोंडपाठ आहे, त्यातले एक वाक्य असे: “रोपवनात पतंगाचा प्रादुर्भाव होता हे तपासणीत सिद्ध आहे, सापळ्यांत पतंग नव्हता हे अर्जदार स्वतः मान्य करतो, असे का झाले याचे कोणतेही कारण त्याने आपल्या खुलाशात दिलेले नाही, सबब सापळे तपासलेच गेले नाहीत, असा निष्कर्ष निघतो.”

कोणतेही कारण दिलेले नाही. कारण त्याने दिले होते. ते माझ्या ओसरीवर, माझ्या टाकाखाली मेले. आदेश लिहिणाऱ्याचा तर्क निर्दोष होता. माझ्याच अर्जावर तो उभा होता.

त्यानंतर मी नांदेडला गेलो. मुलीच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदाच. तोवर ती त्या रोपवनात जाऊन अजून टांगलेल्या सापळ्यांतल्या काही गोळ्या घेऊन आली होती. तिने मला एका स्टुलावर बसवले. सागाच्या नर पतंगाचे शिंग तिने चिमट्याने काढले, दोन बारीक तारांच्या मध्ये ठेवले. तारा एका यंत्राला, यंत्र पडद्याला. पडद्यावर एक सरळ रेघ चालत होती. मादीच्या ग्रंथीतून काढलेल्या द्रवाचा वास तिने नळीतून शिंगावर सोडला. रेघ खाली कोसळली आणि परत वर आली.

“हे त्याला कळलं,” ती म्हणाली.

मग तिने सापळ्यातली गोळी नळीत ठेवली आणि वास सोडला. रेघ सरळच राहिली. पुन्हा सोडला. सरळ. दुसऱ्या नराचे शिंग लावले. सरळ.

शेवटी तिने कपाशीच्या बोंडअळीचा नर घेतला. त्याचे शिंग लावले आणि तीच गोळी. रेघ कोसळली.

मग तिने समजावले. शिंगावर केसांहून बारीक केस असतात, त्यांच्या आत मज्जापेशी. कोणता वास ओळखायचा हे त्या पेशींतल्या प्रथिनांवर ठरते आणि ती प्रथिने कशी घडवायची हे जनुकांत लिहिलेले असते. सागाच्या पतंगाची ही जनुके ती गेली काही वर्षे वाचत आहे. काही नर आणि मादी दोघांच्या शिंगांत चालतात, सागाच्या कोवळ्या पानाचा वास ओळखायला. काही पायांत, चवीसाठी. आणि काही फक्त नराच्या शिंगात, फक्त आपल्याच जातीच्या मादीसाठी.

“अप्पा, समन्स दुसऱ्याच माणसाच्या नावानं काढलं तर हा माणूस हजर होईल का?”

“नाही.”

“आणि हजर झाला नाही म्हणून बेलिफानं समन्स बजावलंच नाही, असा निष्कर्ष काढाल?”

मी मान खाली घातली. माझ्या हयातीत एवढा सरळ प्रश्न मला कोणत्याही वकिलाने विचारला नव्हता. त्या मजुराच्या नाकाने जे पावसाळ्यात सांगितले होते, ते यंत्राने दिवाळीनंतर सांगितले. यंत्राचे मी लगेच मान्य केले.

त्या दिवसापासून आजपर्यंत मी लिहितो आहे. माहितीचा अधिकार, पहिले अपील, स्मरणपत्र, पुन्हा स्मरणपत्र. गोळ्या कोणाकडून घेतल्या, त्यांच्या पाकिटावर कोणत्या किडीचे नाव होते, हे मी विचारले. उत्तर: “सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नसल्याने आपला अर्ज हस्तांतरित करण्यात येत आहे.” ज्या कार्यालयाकडे हस्तांतरित झाला त्याने तो पहिल्या कार्यालयाकडे परत पाठवला. त्यानंतर: “अभिलेख आढळून येत नाही.” मुलीचा प्रयोगाचा अहवाल मी साक्षांकित करून जोडला. त्यावर एका अधिकाऱ्याने मला समोर बसवून सांगितले, “काका, हे जनुक वगैरे फार वरचं झालं. आमच्याकडं फाइल बंद झाली आहे.” आणि बाहेर पडताना, मला ऐकू येईल अशा बेताने, शेजाऱ्याला: “निवृत्त माणसाला घरी टीव्ही घेऊन द्यावा.”

एकच कागद मला मिळाला. नोंदवहीच्या त्या पानाची छायाप्रत. छायाप्रतीत लाल रेघ काळी दिसते. तिच्याखाली अक्षरे स्पष्ट वाचता येतात. पाखरू सापळ्यात न्हाई. झाडावर हाय.

ती प्रत त्याला दाखवायला मी या वैशाखात लातूरला गेलो. जंगलातून निघाल्यावर त्याला तिथे एका गोदामात काम मिळाले होते. तुरीची पोती छतापर्यंत. पोत्यांना कीड लागू नये म्हणून औषधाचा धूर देतात, भुकटी मारतात. तो दारात बसून असतो, कधी आत झाडतो. तोंडाला फडके बांधलेले होते. मला पाहून त्याने ते खाली ओढले. तो वाळला होता.

“बसा, वकीलसाहेब.”

मी घरून डबा नेला होता. पत्नीने आग्रहाने दिला होता, त्यात आमटी होती. त्याने भाकरी कुस्करली, आमटी ओतली, दोन घास खाल्ले आणि थांबला.

“मीठ बराबर हाय का हो?” त्याने विचारले.

मला प्रश्न कळला नाही. “का? कमी आहे?”

“मला कळंना झालंय. सहा महिने झाले. वास न्हाई येत. चव बी न्हाई. औषधाचा वास सुरवातीला लई यायचा, मग तो बी यायचा बंद झाला. बायको म्हणती, शिळं बी गुमान खाऊन राहिलास.” तो हसायला गेला. “मालक म्हणतो, बरंच हाय, तुला तरास न्हाई.”

इथे मी सावध राहून लिहितो. गोदामातल्या औषधामुळेच हे झाले असे मी सिद्ध करू शकत नाही, आणि जे सिद्ध करू शकत नाही त्याचा दावा मी करत नाही. डॉक्टरने बघून मान हलवली, कारण लिहून दिले नाही. एवढे मात्र सिद्ध आहे, की तो माणूस सागाखाली उभा राहून वासावरून अळी सांगत असे, आणि त्याला त्या सागाखालून हाकलले नसते तर तो या गोदामात नसता.

मी छायाप्रत त्याच्यापुढे धरली. त्याने हात सदऱ्याला पुसला, कागद घेतला, आपले अक्षर पाहिले. बराच वेळ पाहिले.

“मला काम परत नको आता,” तो म्हणाला. “तिथं जाऊन करू काय? वासच न्हाई. फकस्त ही रेघ पुसायला लावा. पोरगी विचारती, बाबा तू खोटं लिव्हलं होतं का.”

“मी तुमचं वाक्य कापलं,” मी म्हणालो. हे सांगायलाच मी गेलो होतो. “गोळीचं. ते अर्जात असतं तर...”

“मला ठाव हाय,” तो म्हणाला. “त्या दिशीच ठाव होतं. पर तुमचं अक्षर लई चांगलं होतं. वाटलं, चांगल्या अक्षराचं ऐकतील.”

डबा त्याने धुऊन परत दिला. घरी आल्यावर पत्नीने झाकण उघडून विचारले, कशी होती म्हणाले? मी तिला सगळे सांगितले. त्या दिवशी संध्याकाळी ती भांड्यावर वाकली, डोळे मिटले, आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मीठ घालायचे ती विसरली नाही. पण नंतर म्हणाली, “आज भीती वाटली. कळलं नसतं तर?”

आता माझी मागणी.

पत्रांना उत्तरे मला नकोत. माझ्या कपाटात ती पुरेशी आहेत. ज्या गावाच्या शिवारात ते रोपवन आहे तिथे दर वर्षी ग्रामसभा भरते. पुढच्या ग्रामसभेत, त्या माणसाची मुलगी समोर बसलेली असताना, गोळ्या वाटणाऱ्या अधिकाऱ्याने उभे राहून सांगावे की सापळ्यांत कोणत्या पतंगाची गोळी होती. वनपालाने सांगावे की शेऱ्यावरून रेघ कोणत्या अधिकाराने ओढली. चौकशी अधिकाऱ्याने सांगावे की सापळा न उघडता, गोळी न तपासता, तो खोटेपणाच्या निष्कर्षाला कसा पोहोचला. नोंदवही तिथे आणावी. त्या पानावर, रेघेशेजारी, सहीनिशी लिहावे की ही नोंद खरी होती.

पहिला मी उभा राहीन. कच्चा कागद माझ्याजवळ आहे, त्यावर मी काट मारलेले वाक्य आहे, ते मी मोठ्याने वाचीन: ‘गोळी कपाशीच्या बोंडअळीची आहे, हे मी वासावरून ओळखले.’ मग खाली बसेन. त्यानंतर तुम्ही तिघे. बोला.